मोजणीच्या फितीनं विश्वाचा नकाशा कसा आखावा

नकाशा हातात आला की आधी त्याच्या कोपऱ्यातलं परिमाण वाचायचं, ही भूकरमापकाची पहिली सवय. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. सिटी सर्व्हेचं शीट १:५०० चं असतं. त्यात घराची भिंत आणि बोळ दिसतो, पण शेजारचं गाव दिसत नाही. टोपोशीट १:५०,००० चं असतं. त्यात नदीचं वळण आणि घाटरस्ता दिसतो, पण आख्खी वाडी एका ठिपक्यावर येते. दोन्ही नकाशे खरे आहेत. त्यांची कामं वेगळी आहेत, इतकंच.

शाळेच्या भिंतीवर विश्वाचा जो तक्ता असतो त्यावर सूर्य, आठ ग्रह, मागं तारे आणि कोपऱ्यात आकाशगंगेचा भोवरा असं सगळं एका कागदावर असतं, आणि परिमाण कुठंच लिहिलेलं नसतं. त्यातला गुरू सूर्याच्या निम्म्याएवढा आणि शनी गुरूला खेटून. मुलं वर्षानुवर्षं हेच बघतात आणि तसंच डोक्यात बसतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खरी मांडणी या चित्रापेक्षा कितीतरी विलक्षण आहे आणि ती फितीनं मोजून दाखवता येते. निवृत्त झाल्यापासून जुन्नर तालुक्यातल्या शाळांमध्ये मी हेच करतो. माझी रीत खाली सविस्तर लिहितो, म्हणजे कोणत्याही गावातल्या शिक्षकाला किंवा पालकाला ती वापरता येईल.

विश्वाला एक नकाशा पुरत नाही, तीन लागतात. आणि प्रत्येक नकाशा आखून झाला की एकच हिशेब करायचा: वस्तू केवढी, आणि तिच्यासारखी दुसरी वस्तू तिच्या आकाराच्या किती पट लांब. नुसते मोठमोठे आकडे पाठ करून काही हाती लागत नाही. विश्वाची घडण समजते ती या पटीतून.

सामान साधं आहे. ३० मीटरची फायबरची फीत, खुंट्या, सुतळी, चुन्याची फक्की, पांढरी कार्डशीट, चिकटपट्टी, कात्री, दोन-तीन झेंड्या. स्वयंपाकघरातून चिमूटभर खसखस, राजगिरा, मूग आणि एक भिजवलेला काबुली चणा. शिवाय एक लहान गोटी. दाणे आधीच कार्डशीटच्या तुकड्यांवर चिकटपट्टीनं पक्के करा आणि शेजारी ठळक अक्षरात नाव लिहा. मोकळा दाणा मैदानावर वाऱ्यानं उडतो आणि मुलांचा उत्साह तो शोधण्यात संपतो.

पहिला नकाशा: १ मीटर म्हणजे १ कोटी किलोमीटर

म्हणजे १ सेंटिमीटरला १ लाख किलोमीटर. हे परिमाण मी मुद्दाम निवडलंय, कारण लाख आणि कोटी आपल्या जिभेवर आहेत आणि पाचवीतलं पोरही याचं गणित तोंडी करतं. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किमी, म्हणून १४ सेंटिमीटरची पिवळी चकती कापा. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी, म्हणजे सव्वा मिलिमीटर: एक राजगिऱ्याचा दाणा. शुक्रालाही राजगिराच. बुध आणि मंगळ यांना खसखस. गुरू १.४ सेंटिमीटर, त्याला गोटी. शनी त्याहून जरा लहान, त्याला काबुली चणा. युरेनस आणि नेपच्यून ५ मिलिमीटरचे, दोघांना एकेक मूग.

यासाठी मैदान पुरणार नाही. शाळेसमोरचा सरळ रस्ता किंवा पाणंद घ्या आणि सूर्याची चकती फाटकाला लावा. तिथून मोजायला सुरुवात करा: बुध ५.८ मीटर, शुक्र १०.८, पृथ्वी १५, मंगळ २२.८. इथपर्यंत एक फीत पुरते आणि मुलांना वाटतं की काम लवकर आटपणार. मग गुरू येतो ७८ मीटरवर, शनी १४३ वर, युरेनस २८७ वर आणि नेपच्यून ४५० वर. फितीचं पुढचं टोक घेऊन जाणारी मुलं हळूहळू गप्प होत जातात, कारण मागं वळून पाहिल्यावर सूर्याची चकती दिसेनाशी झालेली असते. नेपच्यूनच्या जागी झेंडी रोवा. चुन्याची रेघ ओढायची गरज नाही.

पृथ्वीच्या दाण्यापाशी थोडा वेळ द्या. चंद्र पृथ्वीपासून ३ लाख ८४ हजार किमीवर, म्हणजे दाण्यापासून ३.८ सेंटिमीटरवर. चंद्र स्वतः खसखशीपेक्षा लहान आहे, टाचणीचं टोक टेकवून खूण करा. माणूस आजवर प्रत्यक्ष जाऊन आला तो या चार सेंटिमीटरच्या आत-बाहेर. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान आज सूर्यापासून सुमारे २,५०० कोटी किमीवर आहे. आपल्या रस्त्यावर ते फाटकापासून अडीच किलोमीटर.

आता प्रकाश चालवून बघा. हा भाग मुलांना सगळ्यांत आवडतो. प्रकाश सेकंदाला ३ लाख किमी जातो, म्हणजे या नकाशावर सेकंदाला ३ सेंटिमीटर. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत जमिनीवर फीत ताणून ठेवा. एका मुलानं घड्याळ बघून सेकंद मोजायचे, दुसऱ्यानं प्रत्येक सेकंदाला बोट ३ सेंटिमीटर पुढं सरकवायचं. पंधरा मीटर जायला ५०० सेकंद लागतात, ८ मिनिटं २० सेकंद. मध्येच कोणीतरी "भरभर ने की" म्हणतं. न्यायचं नाही. याहून वेगानं विश्वात काहीच जात नाही, हे ज्याचं बोट तिथं रांगलं त्याला वेगळं सांगावं लागत नाही. याच चालीनं नेपच्यूनच्या झेंडीला पोचायला चार तासांहून जास्त लागतील.

मग विचारा, पुढचा तारा कुठं ठेवायचा? मुलं पुढच्या गावाचं नाव घेतात. धीट पोरं पुण्याचं किंवा मुंबईचं घेतात. सूर्याला सगळ्यांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, सव्वाचार प्रकाशवर्षांवर (प्रकाश वर्षभरात जितकं अंतर जातो ते एक प्रकाशवर्ष), म्हणजे जवळपास ४० लाख कोटी किलोमीटर. आपल्या परिमाणात ४,००० किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर ३,२०० किमी आहे, ते संपवून आणखी ८०० किमी पुढं जावं लागेल. इकडं १४ सेंटिमीटरची एक चकती आणि तिकडं ४,००० किलोमीटरवर दुसरी. मधल्या जागेत दुसरा एकही तारा नाही.

इथं वहीत पहिला हिशेब लिहून घ्या. सूर्याचा व्यास आणि शेजारच्या ताऱ्याचं अंतर यांचं प्रमाण १ ला जवळजवळ ३ कोटी. हा आकडा पुढं लागणार आहे.

रचनेचीही एक नोंद करा. या नकाशात धनी एकच आहे. सूर्यमालेतलं ९९.८ टक्के वस्तुमान एकट्या सूर्यात आहे, म्हणून जो जवळ तो वेगानं फिरतो आणि जो लांब तो सावकाश: बुध सेकंदाला ४७ किमी, नेपच्यून साडेपाचच्या आत. सगळे ग्रह जवळपास एकाच पातळीत आणि एकाच दिशेनं फिरतात. इतकी शिस्त पुढच्या नकाशांत सापडत नाही.

दुसरा नकाशा: १ मीटर म्हणजे १ प्रकाशवर्ष

पहिला नकाशा हिंदुस्थानाबाहेर गेला, तेव्हा परिमाण बदलायची वेळ आली. आता १ मीटरला १ प्रकाशवर्ष, म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. मैदानाच्या मधोमध एक खुंटी ठोका आणि तिच्या डोक्यावर राजगिऱ्याचा एक दाणा चिकटवा. मघाशी जो पृथ्वी होता, तोच दाणा आता नेपच्यूनच्या कक्षेसकट आख्खी सूर्यमाला आहे. रस्त्यावर ज्या कक्षेच्या नुसत्या त्रिज्येला ४५० मीटर लागले, ती आता मिलिमीटरभरात आली. सूर्य या नकाशावर काढताच येत नाही, तो सूक्ष्मदर्शकातही नीट दिसणार नाही इतका बारीक झालाय. बाकी तारेही तसेच, म्हणून खुंट्यांवर फक्त नावं लिहा.

या खुंट्या आखताना दिशा सोडून द्या, फक्त अंतर पाळा. तारे आपल्या वर, खाली, सगळीकडं विखुरलेत आणि मैदान सपाट आहे. मित्र तारा ४.४ मीटरवर. व्याध ८.६ मीटरवर. प्रश्वा साडेअकरा, श्रवण पावणेसतरा, अभिजित २५, स्वाती ३७. नक्षत्रांची नावं घरातल्या पंचांगातली, कालनिर्णयमधली. आजीकडून ऐकलेल्या नावाला फितीवर जागा मिळाली की मुलं ती विसरत नाहीत.

मग वृषभ राशीचा भाग वेगळा आखा. थंडीत संध्याकाळी पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका आणि त्याच्या खाली लालसर रोहिणी दिसते. रोहिणी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या ताऱ्यांच्या घोळक्याच्या टोकाला असते. त्या घोळक्याला आपल्याकडे रोहिणी शकट म्हणतात. आकाशात सगळं एकमेकांना लागून. आता फीत लावा. रोहिणी ६५ मीटरवर. शकटातले बाकीचे तारे १५० मीटरच्या आसपास. कृत्तिका ४४० मीटरवर. म्हणजे रोहिणी त्या घोळक्यातली नाहीच, आपल्या आणि त्याच्या मध्ये उभी आहे. रोहिणी, शकट आणि कृत्तिका यांचा एकमेकांशी आकाशातल्या दिशेपलीकडे काही संबंध नाही.

पण कृत्तिका मात्र एकमेकींच्या खऱ्या सख्ख्या आहेत. त्या गुच्छात हजाराच्या आसपास तारे आहेत, एकाच ढगातून साधारण १० कोटी वर्षांपूर्वी जन्मलेले आणि अजून एकत्र प्रवास करणारे. शकटातले तारेही तसेच एका कुळातले. रास किंवा नक्षत्र ही आपण पृथ्वीवरून ओढलेली रेघ आहे, तारकागुच्छ ही निसर्गानं बांधलेली वस्तू आहे. मोजणीत आम्ही वहिवाटीची हद्द आणि अभिलेखातली हद्द यांत फरक करतो, तितक्याच काटेकोरपणे हा फरक मुलांना दाखवा. विश्वातली कोणतीही रचना समोर आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही खरंच एकत्र बांधलेली आहे, की नुसती एका ओळीत दिसते?

या परिमाणात आपली आकाशगंगा ही आख्खी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचं अवाढव्य गाव, सुमारे १०० किलोमीटर रुंद आहे आणि तिची तबकडी साधारण १ किलोमीटर जाड. त्यात १०,००० कोटी ते ४०,००० कोटी तारे. आपण केंद्रापासून २६ किलोमीटरवर. आमच्या तालुक्यात हे अंतर सांगणं सोपं जातं, कारण खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या साधारण २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. मुलांनी त्या येता-जाता पाहिलेल्या असतात. तुमच्या गावापासून २६ किलोमीटरवर काय आहे ते नकाशात बघून ठेवा आणि तेच नाव सांगा. केंद्राची दिशा दाखवायची असेल तर मे महिन्यात रात्री उशिरा, पावसाळी ढग यायच्या आधी, दक्षिणेला वृश्चिकाचं शेपूट आणि धनू यांच्या मधला दुधी पट्टा दाखवा. मूळ नक्षत्राला लागूनच ती जागा आहे.

सूर्यमालेत जसा एक धनी आहे तसा इथं नाही. केंद्रात कृष्णविवर आहे, त्याचं छायाचित्र २०२२ साली प्रसिद्ध झालं. पण त्याचं वजन ४० लाख सूर्यांइतकं, आणि तारे हजारो कोटी. सूर्य फिरतो तो सगळ्या दीर्घिकेच्या एकत्रित ओढीनं, आणि एका फेरीला त्याला २३ कोटी वर्षांच्या आसपास लागतात. आणखी एक नवल आहे. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी १९७० साली देवयानी या आपल्या शेजारच्या दीर्घिकेतले फिरण्याचे वेग मोजून प्रसिद्ध केले. सूर्यमालेप्रमाणं बाहेरचे सावकाश असायला हवे होते, पण बाहेरही वेग उतरत नव्हता. जे दिसतंय त्याहून कितीतरी जास्त वस्तुमान तिथं असलं पाहिजे. त्यालाच कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचं बनलंय हे अजून उलगडलेलं नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगावं. आपल्यासाठी काही शोधायचं बाकी आहे हे कळलं की त्यांचे डोळे चमकतात.

तिसरा नकाशा: १ मीटर म्हणजे १ कोटी प्रकाशवर्षं

पहिल्या नकाशाचं परिमाण आठवा, १ मीटरला १ कोटी किलोमीटर. आता फक्त किलोमीटर पुसून प्रकाशवर्षं लिहायचं. दोन्ही नकाशे पाठोपाठ आखले तर सगळ्यांत मोठी गोष्ट आपोआप उघडी पडते, म्हणून मी हे परिमाण कधी बदलत नाही.

आकाशगंगा आता १ सेंटिमीटरची चकती झाली. तिची जाडी एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाइतकी, तेव्हा कार्डशीट बाजूला ठेवून साधा कागदच कापा. देवयानीसाठी दीड सेंटिमीटरची चकती. दोघींमधलं अंतर २५ लाख प्रकाशवर्षं, म्हणजे २५ सेंटिमीटर. दोन्ही चकत्या एकाच बाकावर मावल्या.

इथं वही उघडून मघाचा हिशेब पुन्हा करा. तारे एकमेकांपासून आपल्या आकाराच्या ३ कोटी पट लांब होते. दीर्घिका फक्त २५ पट. तारे विश्वातले फार एकाकी रहिवासी आहेत आणि दीर्घिका दाटीनं राहतात. विश्वाची मांडणी पायरीगणिक अधिक विरळ होत जाते असं बहुतेकांना वाटतं, आणि घडतं ते नेमकं उलट. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातून मुलांनी एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही.

या पटीतून पुढचं एक उत्तरही मिळतं. देवयानी आपल्याकडे सेकंदाला सुमारे ११० किमी वेगानं सरकतेय. येत्या १,००० कोटी वर्षांत दोघींची टक्कर होण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे, असं २०२५ साली प्रसिद्ध झालेलं गणित सांगतं. दीर्घिकांची टक्कर होऊ शकते, कारण त्या आपल्या आकाराच्या मानानं जवळ आहेत. पण टक्कर झालीच तरी तारा ताऱ्यावर आपटण्याची शक्यता जवळपास शून्य, कारण ३ कोटी पटीचं अंतर मध्ये आहे. दोन दीर्घिका एकमेकींतून आरपार जाऊन हळूहळू एक होतील आणि बहुतेक सगळे तारे शाबूत राहतील. नववीच्या मुलांना हे मी सांगत नाही, दोन्ही आकडे फळ्यावर लिहून विचारतो. ती स्वतःच उत्तर काढतात.

आकाशगंगेच्या जवळ, दीड आणि दोन सेंटिमीटरवर, मॅगेलनचे दोन मेघ, म्हणजे दोन लहान दीर्घिका, ठेवा. टाचणीच्या डोक्याएवढे कागदाचे तुकडे पुरतात. आकाशगंगा, देवयानी आणि त्यांच्या भोवतीच्या डझनावारी बटू दीर्घिका मिळून आपला स्थानिक गट होतो. तो सुतळीच्या मीटरभर व्यासाच्या वर्तुळात बसतो. हा गट गुरुत्वाकर्षणानं खरा बांधलेला आहे.

आता फीत उचला. कन्या दीर्घिकासमूह ५.४ मीटरवर. यात हजाराहून जास्त दीर्घिका आहेत, आणि ज्या कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र २०१९ साली आलं ती एम-८७ दीर्घिका इथलीच. केश समूह ३२ मीटरवर. पंच मशीननं कागदाच्या टिकल्या पाडून मुलांना त्या ठिकाणी दाट पसरायला द्या. समूहात तबकडी नसते, एका दिशेचं फिरणं नसतं. दीर्घिका सगळ्या बाजूंनी धावत असतात आणि मधली जागा कोट्यवधी अंश तापमानाच्या विरळ वायूनं भरलेली असते. केश समूहातल्या दीर्घिका इतक्या वेगानं धावतात की दिसणाऱ्या द्रव्याची ओढ त्यांना धरून ठेवायला पुरणार नाही, हे खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ सालीच दाखवलं होतं. समूहांमध्ये आकार आणि अंतर यांची पट आणखी उतरते, ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहते.

वेगाचीही नोंद याच फितीवर करता येते. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे या नकाशावर दर मीटरला सेकंदाला सुमारे २१५ किमी इतक्या वेगानं वस्तू दूर जातात. केश समूहाचा हिशेब करा: ३२ गुणिले २१५, म्हणजे ६,९०० च्या जवळ. प्रत्यक्ष मोजलेला वेग साधारण तेवढाच आहे. देवयानीला मात्र हा नियम लागू होत नाही, ती उलट जवळ येते, कारण त्या २५ सेंटिमीटरवर ओढ प्रसरणाला पुरून उरते. कुठली रचना बांधलेली आणि कुठली नाही, हे ठरवायची कसोटी हीच.

समूहांच्या वरची पायरी महासमूह. इथं हद्द आखणं अवघड होतं. आपला महासमूह लानियाकेआ, तो खगोलशास्त्रज्ञ ब्रेंट टली आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली आखला. रुंदी सुमारे ५२ कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्या फितीवर ५२ मीटर, आणि आत लाखभर दीर्घिका. त्यांनी हद्द ठरवली ती दीर्घिकांचा ओघ बघून: प्रसरणाचा वेग वजा केल्यावर जो उरतो तो ओघ कुठल्या बाजूला जातो, यावरून. आम्हाला हे लगेच समजतं. नाणेघाटाच्या माथ्यावर पूर्वेला पडलेला पाऊस कुकडीतून भीमेला आणि पुढं बंगालच्या उपसागराला जातो, हातभर पश्चिमेला पडलेला कोकणात उतरून अरबी समुद्राला. माथ्यावर रेघ कोणी ओढलेली नसते, पण पाणलोटाची हद्द पक्की असते. लानियाकेआची हद्द तशी आहे. एक फरक मात्र सांगायला विसरू नका: पाणी समुद्राला पोचतं, लानियाकेआतल्या सगळ्या दीर्घिका कधीच एके ठिकाणी जमणार नाहीत. प्रसरण त्यांना त्याआधीच पांगवेल.

आता खुंट्या घेऊन पुन्हा रस्त्यावर या. सूर्याच्या चकतीच्या जागी फाटकाला आकाशगंगेची चकती लावा आणि ४०० मीटर चाला. इथं सरस्वती. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या खगोलशास्त्रज्ञांनी, जयदीप बागची आणि शिशिर सांख्यायन यांनी सहकाऱ्यांसह, हा महासमूह शोधला आणि जुलै २०१७ मध्ये जाहीर केला. मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. त्यासाठी आडवी ६० मीटर जागा फक्कीनं आखा. हे काम पुण्यात झालं हे ऐकल्यावर मुलांचा आवाज बदलतो. आमच्याकडून पुणे बसनं दोन-अडीच तासांवर आहे.

पोकळ्याही आखा, कारण पोकळी हासुद्धा रचनेचा भाग आहे. भूतप या तारकासमूहाच्या दिशेची पोकळी १९८१ साली लक्षात आली. तिचं केंद्र ७० मीटरवर आणि व्यास सुमारे ३३ मीटर. सुतळीनं वर्तुळ करा आणि आत चार-दोन टिकल्याच टाका. अशा पोकळ्यांच्या कडांनी दीर्घिकांच्या भिंती आणि तंतू, तंतू जिथं मिळतात तिथं समूह. याला विश्वजाल म्हणतात. त्याला केंद्र नाही आणि धनीही नाही.

जाळ्याच्या वर आणखी पायरी आहे का? चौकट टाकून बघा. ३० मीटरच्या दोन चौकटी टाकल्या तर एकीत पोकळी येईल आणि दुसरीत गजबजाट. पण शंभरेक मीटरच्या, म्हणजे १०० कोटी प्रकाशवर्षांच्या चौकटी घेतल्या की सगळ्या साधारण सारख्या भरतात. रचनांची चढण इथं संपते आणि पुढं तेच ते जाळं सर्वत्र पसरलेलं आहे.

आणि विश्व संपतं कुठं? जितकं दिसू शकतं त्याची कड सर्व बाजूंनी ४,६५० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. फितीवर ४ किलोमीटर ६५० मीटर. पुढच्या गावाची वेस. सूर्याचा शेजारी गाठायला काश्मीर-कन्याकुमारी ओलांडावी लागली होती, आणि तेच आकडे घेऊन दिसणारं सगळं विश्व सायकलवरून अर्ध्या तासात पार होतं. मोठी मुलं असतील तर त्यांना खरंच सायकलनं पाठवा.

शेवटी कागदावरचं काम. तिन्ही नकाशे कार्डशीटवर उतरवून घ्या आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात परिमाण, आखल्याची तारीख आणि आखणाऱ्यांची नावं लिहा. गुरुत्वाकर्षणानं बांधलेल्या रचना शाईनं, अखंड रेघेनं काढा: सूर्यमाला, कृत्तिका, आकाशगंगा, स्थानिक गट, कन्या समूह. दिसणाऱ्या विश्वाची कड तुटक रेघेनं दाखवा, कारण ती नजरेची मर्यादा आहे, विश्वाचा बांध नाही. लानियाकेआ पेन्सिलीनं काढा. २०२४ साली टली यांच्याच गटानं नवी मोजणी मांडली आहे आणि आपण शॅपली नावाच्या त्याहून मोठ्या पाणलोटात असण्याची शक्यता त्यांना जास्त वाटते. ती हद्द पुन्हा आखावी लागेल.